गुजराती बाळवार्तेपासून नवलिकेपर्यंत : मराठी वाचकाने सुरुवात कशी करावी

घाटकोपरला आमच्या शेजारच्या घरात एक बा, म्हणजे गुजराती आजी, राहायच्या. संध्याकाळी नातवाला भरवताना त्या गोष्ट सांगत, आणि माझी लेक तिथेच ठाण मांडून बसलेली असे. एकदा ती घरी आली आणि माझ्यासमोर उभी राहून म्हणाली, "आई, चकी लावी चोखानो दाणो, चको लाव्यो मगनो दाणो, एनी रांधी खीचडी." (चिमणीने आणला तांदळाचा दाणा, चिमण्याने आणला मुगाचा दाणा, त्याची रांधली खिचडी.) पाच वर्षांच्या पोरीला अख्खी गोष्ट येत होती आणि गुजराती शेजारात वाढलेल्या मला त्यातली निम्मी वाक्यंही सलग कळत नव्हती. मी गुजराती शिकायला बसले ते त्या दिवसापासून.

पहिली दोन वर्षं मी चुकीच्या क्रमाने शिकले. जाड कादंबरी घेतली, ती सोडली. हिंदी अनुवाद वाचले आणि त्यातच समाधान मानलं. मग बाळवार्तांकडे, म्हणजे मुलांच्या गोष्टींकडे, वळले आणि तिथून गाडी सुरळीत लागली. मराठी माणसाला गुजराती गोष्टींचं दार फार लवकर उघडतं. फक्त ते मोठ्यांच्या साहित्यातून न उघडता पोरांच्या गोष्टींतून उघडायचं. तुमचा वेळ वाचावा म्हणून तिथून नवलिकेपर्यंतचा, म्हणजे मोठ्यांच्या लघुकथेपर्यंतचा, क्रम इथे लिहिते आहे.

आधी हे जमवून ठेवा

- गुजराती मुळाक्षरांचा तक्ता. गुजरातीत त्याला 'कक्को' म्हणतात. लहान मुलांच्या वह्या-पुस्तकांच्या दुकानात मिळतो.
- शंभर पानी वही आणि पेन्सिल. लिपी हाताने गिरवल्याशिवाय डोक्यात बसत नाही.
- बालभारतीची गुजराती माध्यमाची पहिली ते तिसरीची पुस्तकं. याबद्दल पुढे सविस्तर सांगते.
- मोबाईलवर गुजराती कळफलक आणि 'गुजराती लेक्सिकॉन' हा ऑनलाइन कोश. पुढे जुन्या शब्दांसाठी 'भगवद्गोमंडल' लागेल. गोंडलचे महाराज भगवतसिंहजी यांनी करवून घेतलेला हा नऊ खंडांचा कोश आता ऑनलाइनही पाहता येतो.
- गुजराती बोलणारं एक माणूस. शेजारी, सहकारी, वाणसामानाचा दुकानदार, कुणीही चालेल. तुमचा उच्चार ऐकून घेणारं कुणीतरी हवंच.

१. आधी कान तयार करा

लिपीला हात लावण्याआधी दोन-तीन लोककथा कानावरून जाऊ द्या. चकी-चकाची गोष्ट सगळ्यांत उत्तम. आपल्या चिऊ-काऊसारखीच ती घराघरांत वेगवेगळी सांगितली जाते आणि कुठल्याही गुजराती आजीला पाठ असते.

माझ्या लेकीने म्हटलेल्या त्याच ओळी जरा थांबून पाहा. 'चकी लावी', 'चको लाव्यो'. आपण म्हणू 'चिमणीने दाणा आणला', म्हणजे क्रियापद दाण्याप्रमाणे चालतं. गुजरातीत 'लाववुं' हे क्रियापद आणणाऱ्याप्रमाणे चालतं, म्हणून चकी लावी आणि चको लाव्यो. पण लगेच पुढे 'रांधी खीचडी' येतं, आणि तिथे क्रियापद आपल्यासारखंच खिचडीप्रमाणे चालतं. 'चोखानो दाणो' मधला 'नो' म्हणजे आपला 'चा'. नो, नी, नुं हे चा, ची, चं सारखेच फिरतात. एवढ्या एका ओळीत तुमचं अर्धं व्याकरण आलं. मला ते व्याकरणाच्या पुस्तकातून महिनाभरात कळलं नव्हतं.

ऐकताना च आणि ज कडे लक्ष ठेवा. मराठीत 'चहा'चा च वेगळा आणि 'चांगला'चा वेगळा. गुजरातीत नेहमी 'चहा'चाच च. 'चोखा' म्हणताना आपल्या तोंडात 'चोर'मधला च येतो आणि समोरची बा हसून सुधारते. तिला सुधारू द्या.

२. लिपी : दहा दिवस पुरतात

गुजराती लिपीला शिरोरेषा नाही. ही लिपी मुख्यतः पत्रव्यवहारात आणि व्यापाऱ्यांच्या हिशेबाच्या वह्यांत वाढली. एकोणिसाव्या शतकापर्यंत ग्रंथ बहुधा देवनागरीत लिहिले जात. आपल्याकडे मोडी आणि बाळबोध शेजारीशेजारी नांदत होत्या, तसंच काहीसं.

ग, घ, ट, ठ, ड, त, थ, ध, न, प, म, य, र, व, श, स, ह ही अक्षरं वरची रेघ पुसली की ओळखू येतात. नव्याने शिकायची ती अ, इ, क, ख, च, ज, झ, फ, ब, भ, ल आणि ळ. रोज दोन गिरवा, आठवड्यात संपतील. ए आणि ओ हे 'अ'ला मात्रा लावून लिहितात. सावरकरी लिपीत छापलेली जुनी मराठी पुस्तकं पाहिली असतील तर हे लगेच ओळखीचं वाटेल.

अडखळण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. घ आणि ध यांत फार थोडा फरक आहे. र आणि दोनचा अंक जवळजवळ एकच दिसतात, प आणि पाचचा अंकही तसेच, उ आणि तीनचा अंकही. संदर्भ पाहूनच ठरवायचं.

सरावासाठी 'मुंबई समाचार'चे मथळे वाचा. १८२२ पासून मुंबईतून निघणारं हे दैनिक आहे. मथळा मोठ्या टायपात असतो आणि बातमी साधारण माहीत असते, त्यामुळे अंदाज बरोबर येतो आणि हुरूप वाढतो.

इथला सापळा : मजकूर आपोआप देवनागरीत करून देणारी साधनं आहेत. एखाद्या अक्षराची खात्री करायला ती वापरा, पण सगळी गोष्ट तशी वाचू नका. मी सहा महिने तसं केलं आणि छापील पुस्तक हातात आल्यावर पुन्हा पहिल्या अक्षरापासून सुरुवात करावी लागली.

३. तीन लिंगं : इथे आपण पुढे आहोत

हिंदी भाषकाला गुजरातीचं नपुंसकलिंग छळतं. आपल्याला ते जन्मापासून येतं. मुलगा, मुलगी, मूल तसंच छोकरो, छोकरी, छोकरुं. पुल्लिंगाचा शेवट ओ, स्त्रीलिंगाचा ई, नपुंसकाचा उं, एवढं लक्षात ठेवा. छे म्हणजे आहे. हतो, हती, हतुं म्हणजे होता, होती, होतं. नथी म्हणजे नाही.

एक गोष्ट मात्र नवी आहे आणि मला ती फार आवडते. आदर दाखवायचा असेल तेव्हा बाईसाठी नपुंसकाचं अनेकवचन वापरतात. 'बा आव्यां', 'डोशीमा चाल्यां'. त्या शेवटच्या अनुस्वारात मान असतो. तो गाळलात तर आजीला एकेरीत हाक मारल्यासारखं होतं.

४. ओळखीचे दिसणारे फसवे शब्द

ही यादी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घ्या. बाळवार्तांत यांतला एक तरी शब्द दर दोन पानांवर भेटतो.

- वार्ता : बातमी नव्हे, गोष्ट.
- चकली : चिमणी.
- तडको : फोडणी नव्हे, ऊन.
- ओरडो : खोली.
- बा : आई. आपल्याकडे खेड्यात 'बा' म्हणजे बाप, म्हणून पहिल्यांदा गोंधळ होतोच.
- मांकडुं म्हणजे माकड, पण मांकड म्हणजे ढेकूण.
- भूल : चूक.
- भणवुं : म्हणणे नव्हे, शिकणे.
- गोळ : गूळ आणि गोल, दोन्ही. लिहायला एकच, बोलताना 'ओ' कमी-जास्त उघडतो. हे कानानेच शिकायचं.

साहित्याच्या शब्दांतही असाच चकवा आहे. नवलकथा म्हणजे कादंबरी. आपली लघुकथा म्हणजे तिकडची टूंकी वार्ता किंवा नवलिका, आणि गुजरातीत 'लघुकथा' म्हटलं की एक-दीड पानाची अगदी छोटी कथा. दुकानात जाऊन मी 'लघुकथा' मागितल्या आणि भलतंच पुस्तक घेऊन आले. तुम्ही 'नवलिकासंग्रह' किंवा 'वार्तासंग्रह' मागा.

५. पहिलं पुस्तक : गिजुभाईच

यात मला शंका नाही. गिजुभाई बधेका (१८८५–१९३९) वकिली करत होते. ती सोडून १९१६ साली ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गेले आणि १९२० साली तिथे बालमंदिर सुरू झालं. गुजरातने त्यांना 'मूछाळी मा' म्हटलं, म्हणजे मिशीवाली आई. त्यांच्यासोबत भावनगरात काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बोर्डीला आणि कोसबाडला बालशिक्षण उभं केलं. आपल्याकडच्या बालवाड्यांचं एक मूळ त्या भावनगरात आहे, म्हणून मराठी वाचकाने गिजुभाईंकडे पाहुण्यासारखं जाऊ नये.

त्यांच्या बाळवार्ता म्हणजे लोकांच्या तोंडच्या गोष्टी, मुलांना सांगून सांगून घासलेल्या. वाक्यं छोटी असतात आणि एकच ओळ चार-पाच वेळा परत येते. शिकणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं. काबर (म्हणजे साळुंकी) आणि कागडो यांची गोष्ट घ्या. दोघं मिळून शेती करायचं ठरवतात. काबर नांगरायला बोलावते, पेरायला बोलावते, राखणीला बोलावते, कापणीला बोलावते, आणि कावळा दर वेळी झाडावरून तेच उत्तर देतो :

"ठागाठैया करुं छुं,
चांचुडी घडावुं छुं,
जाव काबरबाई, आवुं छुं."

'टंगळमंगळ करतोय, चोच घडवून घेतोय, तुम्ही व्हा पुढे काबरबाई, आलोच.' तिसऱ्या वेळी तुम्ही पुस्तकात न बघता ही ओळ म्हणता. चौथ्या वेळी 'करुं छुं, घडावुं छुं, आवुं छुं' हा 'मी करतोय'चा सगळा नमुना तोंडात बसलेला असतो. मग 'हुं जाउं छुं', 'हुं वांचुं छुं' अशी वाक्यं आपली आपण तयार होतात.

दुसरी घ्या दला तरवाडीची. हा गृहस्थ दुसऱ्याच्या मळ्यात शिरतो, मळ्यालाच विचारतो की दोन-चार वांगी घेऊ का, आणि मळ्याच्या वतीने स्वतःच उत्तर देतो की घ्या की दहा-बारा. यात संवाद भरपूर आहेत. घरात दोघांनी वाटून घेऊन मोठ्याने वाचा.

आणि जी गोष्ट वाचताना माझ्या अंगावर काटा आला ती म्हातारीची. वाघ-लांडग्याला ती सांगते, 'दीकरीने घेर जावा दे, ताजीमाजी थावा दे, पछी मने खाजे.' लेकीकडे जाऊ दे, धष्टपुष्ट होऊ दे, मग मला खा. आपल्या टुणुक टुणुक भोपळ्यातली आजी! माझ्या आजीने सांगलीत मला हेच सांगितलं होतं. अशी गोष्ट वाचताना शब्दकोश लागत नाही, कारण पुढे काय होणार हे तुम्हाला आधीच ठाऊक असतं. म्हणून ओळखीच्या गोष्टी आधी आणि अनोळखी नंतर.

इथला मोठा सापळा आवृत्त्यांचा. मी एका विक्रेत्याकडून ऑनलाइन मागवलेला रंगीत संच उघडला तर गोष्टी कापलेल्या, परत येणाऱ्या ओळी एकदाच छापलेल्या आणि प्रत्येक गोष्टीखाली चौकटीत बोध. गिजुभाईंनी गोष्ट सांगण्याच्या कलेवर 'वार्तानुं शास्त्र' हे पुस्तक लिहिलं, आणि त्यांचा सगळा भर गोष्ट आनंदासाठी सांगण्यावर होता. बोधाची चौकट दिसली की पुस्तक परत ठेवा. काबरच्या गोष्टीचं पान काढून 'ठागाठैया' किती वेळा येतं ते मोजा. एकदाच आलं तर ती प्रत तुमच्या कामाची नाही.

गिजुभाईंना जाऊन साठाहून अधिक वर्षं झाली असल्याने त्यांचं लेखन प्रताधिकारमुक्त आहे. गुजराती विकिस्रोतावर त्यांच्या गोष्टी मोफत वाचता येतात.

६. मग बकोर पटेल, आणि शाळेची पुस्तकं

हरिप्रसाद व्यासांचा बकोर पटेल हा बोकड, त्याची बायको शकरी पटलाणी, त्याचे मित्र वाघजीभाई वकील आणि हाथीशंकर. सुरतेहून निघणाऱ्या 'गांडीव' या मुलांच्या नियतकालिकात १९३६ पासून या गोष्टी येत होत्या. रोजच्या व्यवहारातलं गुजराती, पाहुणे, प्रवास, बाजार, सगळं इथे सापडतं. जीवराम जोशींच्या मियां फुसकी आणि तभा भट्ट या जोडीचंही तसंच.

याच टप्प्यावर बालभारतीचा उपयोग करा. महाराष्ट्रातल्या गुजराती माध्यमाच्या शाळांसाठी बालभारती गुजराती पुस्तकं छापते. परिसर अभ्यासासारखी पुस्तकं मराठीत आणि गुजरातीत एकच असतात. तिसरीचं पुस्तक दोन्ही भाषांत घ्या आणि समोरासमोर ठेवून वाचा. पान तेच, चित्र तेच, परिच्छेद तोच. पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर मिळतात. स्टोरीवीव्हर या मुलांच्या गोष्टींच्या संकेतस्थळावरही एकच चित्रकथा दोन्ही भाषांत सापडते, तीही मोफत.

झवेरचंद मेघाणींनी जमवलेल्या लोककथांचा मोह मात्र थोडा आवरा. 'दादाजीनी वातो' हातात घ्यावीशी वाटते, घ्यावीही, पण त्यांची काठियावाडी, म्हणजे सौराष्ट्राची बोली, आणि मधले दोहे नवख्याला दमवतात. गिजुभाईंची तीस-चाळीस गोष्टींची शिदोरी जवळ असू द्या, मग जा. बोलीचा आणखी एक धडा : बऱ्याच भागांत 'स'चा 'ह' होतो आणि 'सारुं'चं 'हारुं' होतं. काही ठिकाणी 'शुं' म्हणजे 'काय' हेही 'हुं' होतं, आणि प्रमाण गुजरातीत 'हुं' म्हणजे 'मी'. संवादात 'हुं' आला की बोलणारा कुठला ते आधी पाहा.

७. मधला पूल : कालेलकर

बाळवार्ता आणि नवलिका यांच्या मध्ये एक पुस्तक ठेवा : काका कालेलकरांचं 'स्मरणयात्रा'. साताऱ्यात जन्मलेला मराठी माणूस गुजरातीत इतकं सुंदर लिहू लागला की गांधीजींनी त्यांना 'सवाई गुजराती' म्हटलं. यात त्यांच्या बालपणाच्या आठवणी आहेत. घर मराठी, सणवार मराठी, भाषा गुजराती. सगळं ओळखीचं असल्यामुळे लांब वाक्यांची भीती जाते. रोज एक प्रकरण, मोठ्याने.

८. नवलिका : कुणाला आधी, कुणाला नंतर

गुजरातीतली पहिली कलात्मक नवलिका म्हणून मलयानिल यांची 'गोवालणी' सांगितली जाते. ती १९१८ साली 'वीसमी सदी' या मासिकात आली, आणि ते मासिक निघायचं मुंबईतून. इतिहास म्हणून ती वाचाच, पण सुरुवात धूमकेतूंच्या 'पोस्टऑफिस'ने करा. थंडीच्या पहाटे रोज टपाल कचेरीत येऊन मुलीच्या पत्राची वाट बघणारा म्हातारा अली. वाक्यरचना सोपी, वर्णन थोडं भरजरी. 'तणखा मंडळ' (१९२६) या त्यांच्या संग्रहमालेतल्या बाकीच्या कथा हळूहळू घ्या.

त्यानंतर द्विरेफ, म्हणजे रामनारायण पाठक. कथांना द्विरेफ, कवितांना शेष आणि ललित निबंधांना स्वैरविहारी अशी त्यांनी नावं घेतली होती. ग्रंथालयात शोधताना हे ठाऊक हवं. 'मुकुंदराय' वाचा. शहरात शिकणारा मुलगा आणि गावातला बाप. गद्य कोरडं, नेमकं, एकही शब्द जास्त नाही. धूमकेतूंनंतर ते वाचलं की दोन वाटा स्पष्ट दिसतात.

ईश्वर पेटलीकरांची 'लोहीनी सगाई' यानंतर. वेड्या मुलीला, मंगुला, जिवापाड सांभाळणाऱ्या अमरतकाकीची ही कथा. गोष्टीतलं बोलणं सगळं घरगुती, म्हणून भाषा अडत नाही. अडतो तो गळा. मी ती एका बैठकीत वाचू शकले नाही.

पन्नालाल पटेलांच्या गावाकडच्या बोलीला आणि जयंत खत्रींच्या कच्छला तोवर तुम्ही तयार झालेले असता. खत्री मांडवीचे डॉक्टर. 'धाड' आणि 'खरा बपोर' वाचताना तो उजाड मुलूख आणि ते ऊन, तो 'तडको', डोळ्यांपुढे येतो. सुरेश जोषींचा 'गृहप्रवेश' (१९५७) त्यांच्यानंतरच. त्यांनी कथेतली घटना बारीक करत नेली. गोष्ट शोधत गेलात तर हाती लागणार नाही. हिमांशी शेलत यांना मात्र फार लांब ठेवू नका. सुरतेच्या या लेखिकेच्या 'अंधारी गलीमां सफेद टपकां'ला १९९६ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. कथा छोट्या, आजच्या गुजरातीत, आणि बायकांच्या जगण्याकडे डोळे न मिटता पाहणाऱ्या.

९. पुस्तकं कुठून आणायची

मुंबईत असाल तर प्रिन्सेस स्ट्रीट-काळबादेवीच्या बाजूला गुजराती पुस्तकांची दुकानं आहेत. आत गेल्यावर हिंदी-इंग्रजीचा आधार न घेता 'भाई, बाळवार्तानी चोपडी बतावो ने' एवढं म्हणा. चोपडी म्हणजे पुस्तक. दुकानदार दोन जास्तीची काढून दाखवतो, हा माझा अनुभव. अहमदाबादला गेलात तर गांधी रोड आणि गुजराती साहित्य परिषदेचं ग्रंथालय पाहून या. ऑनलाइन वाचायला विकिस्रोताखेरीज एकत्र फाउंडेशनचा संग्रह आहे. नवलिकांसाठी तो फार उपयोगी. 'नवनीत समर्पण' हे मासिक मुंबईतूनच निघतं आणि त्यात नवी कथा वाचायला मिळते.

जुनी पुस्तकं रद्दीतून घेताना शेवटची पानं तपासा. आणि 'संपूर्ण' असं लिहिलेल्या प्रतीतही अनुक्रमणिका मोजून पाहा.

१०. वाचलेलं कुणाला तरी ऐकवा

आठवड्यातून एक गोष्ट गुजराती माणसासमोर मोठ्याने वाचायची, ही सवय मोडू नका. मी शेजारच्या बांसमोर वाचत असे. त्या डोळे मिटून ऐकत आणि 'चांचुडी'चा च चुकला की बोट वर करत. एकदा कावळ्याची ओळ मी पुस्तकाप्रमाणे वाचली तर म्हणाल्या, "आमच्या घरी असं नव्हतं म्हणत," आणि त्यांची ओळ सांगितली. ती मी पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने लिहून ठेवली आहे. तुम्हीही समास मोकळे ठेवा, कारण अशा ओळी छापील पुस्तकात नसतात आणि सांगणारी माणसं म्हातारी आहेत. काबर-कागडोची गोष्ट मोठ्याने वाचायला दहा मिनिटं लागतात. पहिल्या बैठकीला तीच घ्या.